गुरुवारची मॅच

रविवारी झालेली मॅच गुरुवारी बघणारा, आणि मधल्या दिवसांत तिचा निकाल कानावर पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सोपानतात्या. चिखलीत आमच्या भाड्याच्या खोलीसमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांचं दुमजली घर होतं. खाली दोन लेथ मशिनींचं वर्कशॉप, वर राहायची जागा, आणि वरच्या हॉलमध्ये इतका मोठा टीव्ही की तो जिन्यानं वर चढवला कसा, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. विचारलं तर तात्या म्हणाले, "खिडकी काढली. टीव्ही घेतला. खिडकी बसवली. त्यात काय?"

गुरुवारचं आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं जग पाय पसरून मॅच बघत असतं तेव्हा आम्ही मशीनवर उभे. तात्यांनी उमेदीची वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली, नंतर स्वतःच्या जागेत वर्कशॉप टाकलं, पण सुट्टी गुरुवारचीच ठेवली. त्यामुळे त्यांच्याकडची मॅचही गुरुवारी. त्या दिवशी दुपारपर्यंत बऱ्याचदा वीज नसायची, कारण तारांच्या दुरुस्तीचा वारही गुरुवारच. लाइट आली की गल्लीत कुणीतरी "आली रे" म्हणून ओरडायचं, आणि ज्यांना ज्यांना तात्यांचं आमंत्रण असे ते चपला घालून निघायचे. खायला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि भगर, कारण निम्म्या मंडळींचा गुरुवारचा उपास. ज्यांचा उपास नसे तेही तेच खायचे आणि वर आणखी मागून घ्यायचे.

मी तेव्हा एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. आलेला माल मापात बसतो का ते बघायचं काम. त्या कामामुळे असेल किंवा मूळचा स्वभाव असेल, पण एखादा माणूस काही वेगळं करताना दिसला की तो ते का करतो हे समजल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमचे हे त्याला नसत्या चौकशा म्हणतात. म्हणोत. तात्यांच्या बाबतीत मी भरपूर नसत्या चौकशा केल्या.

रविवारी टॉस व्हायच्या आधी तात्यांची बंदी सुरू व्हायची. मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात. गिऱ्हाइकांनी सुमनकाकींच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या फोनवर बोलायचं, आणि कामापुरतंच बोलायचं. पेपरवाल्याला सांगून ठेवलेलं की सोमवारपासूनचे पेपर एकदम गुरुवारी संध्याकाळी टाक. चहाची टपरी बंद. दाढी बंद, कारण न्हावी. "न्हाव्याकडं गेलं की दोन गोष्टी फुकाट मिळत्यात," तात्या म्हणायचे, "पावडर आन निकाल." दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत चालत जायचं तरी कानांत कापूस आणि वर हेल्मेट. चिखलीत गाडीवरसुद्धा हेल्मेट न घालणारे ढिगानं सापडतील. चालताना घालणारे तात्या एकटेच होते.

"पण तात्या, आपण जिंकलो तर फटाके वाजतात की. ते तर कापसातूनही ऐकू येणार," मी एकदा म्हटलं.

"आगं वंदना, चिखलीत फटाके वाजायला मॅच जिताया कशाला लागती? रोज कुण्यातरी भाऊचा वाढदिवस असतो," तात्या म्हणाले. "फटाक्यावरनं इथं काय बी कळत न्हाई."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

काकींचं काम सगळ्यांत अवघड. मॅच मोबाइलवरून टीव्हीवर लावायची त्यांनी, आणि ती लावायला गेलं की निकाल आधीच ठळक अक्षरांत समोर येतो. म्हणून तात्या भिंतीकडे तोंड करून बसायचे, काकी टीव्हीवर चादर टाकून खालून डोकं घालून मॅच शोधायच्या, सुरुवातीला आणून ठेवायच्या आणि चादर ओढून म्हणायच्या, "हं, फिरा." रिमोट पूर्ण वेळ त्यांच्याच हातात. त्यांना प्रत्येक मॅचचा निकाल माहीत असायचा आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. जेवणही दर वेळी तेच ठेवायची तात्यांची सक्त ताकीद होती, कारण पूर्वी एका गुरुवारी काकींनी शिरा केला आणि तात्यांनी वास येताच ओळखलं की आपण जिंकलो.

मी पहिल्यांदा गेले ते कौतुकानं, आणि नवखेपणानं दारातच घोटाळा करणार होते. "काय मॅच झाली हो, शेवटच्या ओव्हरला..." एवढं तोंडातून निघालं आणि काकींनी हातातला शेंगदाण्याचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. अख्खा. मी तो चावेपर्यंत त्यांनी मला ओढून स्वयंपाकघरात नेलं आणि नियम सांगितला. इथं येणाऱ्याला निकाल माहीत नसतो. माहीत असला तरी नसतो.

तो "असला तरी" मला हॉलमध्ये जाऊन बसल्यावर कळला. पंधरा-वीस माणसं होती, आणि एकूण एक पट्टीचे नट. खिशात मोबाइल असताना रविवारची मॅच गुरुवारपर्यंत कुणापासून लपून राहते? पण काळेवाडीहून येणारे वेल्डर शेखभाई जिंकलेल्या मॅचला कपाळावर हात मारून म्हणत होते, "गेली राव, ही गेली हातातनं." दुसरे कुणी देवाला नारळ बोलत होते. नवस फेडायची वेळ येणार हे त्यांना रविवारपासून माहीत होतं. फक्त हिंगोलीकडचा गजानन या कामात कच्चा. तो इतका भोळा की एकदा बोलरच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच "आउट!" म्हणून उभा राहिला. चेंडू पडला, आउट झाला. तात्यांनी मान वळवून गजाननकडे बघितलं आणि म्हणाले, "गजाननला क्रिकेटमधलं लई कळतंय."

आता हे तात्या भाबडेपणानं म्हणाले की जाणूनबुजून, यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, भाबडेपणानं. मला खात्री वाटेना.

तात्या स्वतः मॅच कशी बघायचे हेही बघण्यासारखं होतं. सोफा पाहुण्यांना देऊन ते खाली सतरंजीवर मांडी घालून बसत. ओरडत नसत, टाळ्या वाजवत नसत. एखादा खेळाडू वेडावाकडा फटका मारून बाद झाला की बाकीचे त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे, आणि तात्या तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "त्याला काय दिसलं आसंल तवा?" मग खरंच विचार करत बसायचे. क्षेत्ररक्षक कुठं होता, ऊन कुठल्या बाजूचं होतं, आधीचा चेंडू कसा आला होता. लेथवर एखादा तुकडा बिघडला तरी त्यांचं तेच. कामगाराला शिव्या नाहीत. तुकडा उजेडात धरून फिरवत राहायचे. "निकाल शेंबड्या पोराला बी कळतो," ते म्हणत. "मॅच बघाय माणूस लागतं."

हे सगळं सुरू कशातून झालं, ते मी त्यांना तीन वेळा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, सेकंड शिफ्ट करून घरी आलं की दारातच कुणीतरी निकाल तोंडावर फेकायचं, त्याचा वैताग आला होता. दुसऱ्यांदा म्हणाले, टूलरूममधल्या दोस्तांना रिटायर झाल्यावर भेटायला काहीतरी निमित्त हवं होतं. तिसऱ्यांदा नुसतं म्हणाले, "वंदना, चार दिवस वाट बघाय मिळती. आता कशाची वाट बघतो का आपण?" मी तिन्ही उत्तरं लक्षात ठेवली आणि कुठलंच पक्कं धरलं नाही.

एक गुरुवार मात्र असा आला की तात्याही आमच्यासारखंच नाटक करत असतील, ही माझी शंका कायमची मिटली. आम्ही जिना चढून गेलो तर तात्या वरच्या पायरीवर बसलेले. दाढी करून. आम्ही समजलोच.

"आज मी न्हाई बसत," ते म्हणाले. "मला कळलंय."

झालं होतं असं की मंगळवारी भोसरीहून एका गिऱ्हाइकाचा माल आला. सुट्या भागांवर तेल असतं, म्हणून ते कागदात गुंडाळून पाठवतात. तात्यांनी पहिलंच पुडकं सोडलं आणि आतला कागद सोमवारचा पेपर निघाला. तेल पिऊन अक्षरं आणखी काळी झाली होती.

"अहो तात्या, मग काय झालं? बसा की. आम्ही काय कुणाला सांगणारे?" शेखभाई म्हणाले.

"न्हाई शेखभाई. कळलेलं असताना न कळल्यागत तोंड करून तुमच्यात बसायचं म्हंजी तुमाला फसवल्यागत हुतंय. मला न्हाई जमायचं ते. तुमी बघा. खिचडी लागंल तशी मागून घ्या."

आम्ही एकमेकांच्या नजरा चुकवत आत गेलो. ती मॅच कुणालाच धड बघवली नाही. गजानन तर बिचारा सारखा दाराकडे मान वळवून बघत होता. तात्या मॅच संपेपर्यंत पायरीवर पाठमोरे बसून होते, आणि मधेच उठून आम्हाला आमटी वाढून जात होते. हा माणूस खोटं वागू शकत नाही, एवढं त्या दिवशी माझ्या लेखी ठरून गेलं.

आता ऋतुजाविषयी सांगते. तात्यांची ही धाकटी मुलगी, उशिरा झालेली आणि म्हणून जास्तच लाडकी. कबड्डी खेळायची. चढाई करायची. अंगानं चवळीची शेंग, पण दम घालत मैदानात शिरली की समोरच्या सात जणी मागे सरकायच्या. ती जिल्ह्याच्या संघात आली आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धेत तिचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना सांगलीकडे, रविवारी संध्याकाळी. कुणीतरी तो मोबाइलवर दाखवणार होतं. तात्यांनी जाहीर केलं की आपण तो गुरुवारी बघायचा, आणि असा बघायचा की चिखलीनं लक्षात ठेवावा. ऋतुजाच्या शाळेतल्या सरांना आमंत्रण गेलं, तिच्या मामाला गेलं, वर्कशॉपच्या दोन्ही कामगारांना बायकापोरांसकट गेलं. शेजारून खुर्च्या सांगितल्या.

ऋतुजा जायच्या आधी मी तात्यांना म्हटलं, "या वेळी तरी रविवारी बघा. स्वतःची मुलगी खेळतेय."

"म्हणूनच गुरुवारी बघनार," ते म्हणाले. "तिची चढाई मी निकाल कळून बघायची? तिनं एवढं जीव टाकून खेळायचं, आन मला शेवट आधीच ठाव?"

तो सामना ऋतुजाच्या संघानं एका गुणानं गमावला. शेवटची चढाई ऋतुजाची होती. गुण बरोबरीत होते. मैदानाच्या दोन्ही कडांना एक पट्टा असतो, लॉबी म्हणतात त्याला. समोरच्या कुणाला हात लागायच्या आधी चढाई करणारीचा पाय त्या पट्ट्यात पडला की ती बाद, आणि गुण समोरच्यांना. ऋतुजाचा पाय पडला. हात लागला नव्हता. रविवारी रात्री जेवायच्या आत हे सगळ्या चिखलीला माहीत होतं, तात्या सोडून.

सोमवारी दुपारी ती घरी आली तेव्हा मी सुट्टी टाकून घरीच होते, म्हणून खिडकीतून बघितलं. खांद्याला किटबॅग, डोळे सुजलेले. वर्कशॉपच्या दारात तात्या होते. तिला बघताच त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बोलू नको! काय बी बोलू नको. तोंड धू, जेव, झोप. गुरुवारी बगू."

आवाजात एवढा आनंद होता की मला खिडकीत उभं राहवेना.

त्यानंतर एकाच घरात बापलेक राहिले आणि बापानं लेकीकडे बघितलं नाही. चेहरा बघितला तर निकाल कळेल ना! ताट वाढलं की तात्या खाली मान घालून जेवायचे. ती जिन्यात दिसली की डोळ्यांवर हात धरून बाजूला व्हायचे आणि "जा, जा, हो पुढं" म्हणून हसायचे. त्यांच्या लेखी हा खेळ होता. इतक्या वर्षांत त्यांनी खेळलेला सगळ्यांत मोठा.

बुधवारी संध्याकाळी कंपनीतून आल्यावर मी काकींना मदत करायला गेले. आम्ही दाणे भाजून सोलत होतो. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, मी उद्या मामाकडे जाते. मामा इकडे येतोय तर येऊ दे. मामी आहे घरी."

"आगं, तुझ्यासाठीच तर..."

"मला नाही बघायचं ते सगळ्यांसमोर. आणि बॅग मी माळ्यावर टाकलीय. परत काढू नकोस. मी नाही खेळणार आता."

काकी दाणे सोलतच राहिल्या. मीच म्हटलं, "अगं, तात्यांना सांग तरी. ते काही रागावणारे नाहीत."

"कसं सांगू, वंदनाताई? ते माझ्याकडे बघतच नाहीत." एवढं बोलून ती जी रडायला लागली ती थांबेना. तिचं रडणं हरल्याचं नव्हतंच. घरी आल्यावर ज्या एका माणसाच्या गळ्यात पडून रडायचं, तोच माणूस तोंड फिरवून हसत होता, याचं होतं. मला तात्यांचा त्या क्षणी खरोखर संताप आला.

काकी उठल्या. हाताची सालं पदराला पुसली आणि जिना उतरून वर्कशॉपमध्ये गेल्या. मी मागोमाग. लेथ चालू होता. काकींनी भिंतीवरचा खटका दाबून तो बंद केला. इतक्या वर्षांत त्यांनी मशिनीला हात लावलेला नव्हता, हे तात्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

"आवं, मॅच उद्या बगा," काकी म्हणाल्या. "पोरगी आज बगा."

तात्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला, हात न धुता वर गेले. ऋतुजा तिथेच दारात बसली होती. तात्या तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना तेवढ्यात सगळं कळलं. पण ते म्हणाले, "सांग."

तिनं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हुंदके देत. मी तिथून निघायला हवं होतं हे मला माहीत आहे. निघाले नाही. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेलाचा काळा डाग तिच्या कपाळावर उमटला, आणि ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं, बाळ. उद्याचं बंद करू समदं."

पण त्यालाही तीच नको म्हणाली. लोक येणार, खुर्च्या आल्या, आणि बंद केलं तर गावभर तेच बोलणं होईल. "तुम्ही बसणार असाल तर मी बसते," ती म्हणाली.

इथं खरी गोची होती. तात्यांना आता निकाल माहीत होता. त्यांच्या नियमानं त्यांनी पायरीवर बसायचं. पण बाप बाहेर बसला की आलेल्या प्रत्येकाला कळणार की घरात निकाल आधीच पोचलाय, आणि मग ऋतुजाकडे सगळ्यांच्या नजरा. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "उद्या तात्या काय करतील?" हे म्हणाले, "तू झोप."

गुरुवारी लाइट आली तशी आम्ही गेलो. तात्या आत होते. सतरंजीवर, सगळ्यांत पुढे, दाढी वाढलेली, आणि शेजारी ऋतुजा गुडघे पोटाशी घेऊन. काकींनी चादर टाकली. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. काकी म्हणाल्या, "हं, फिरा," आणि तात्या फिरले.

आणि मग त्या माणसानं असा काही अभिनय सुरू केला की काय सांगू. कधी आवाज न चढवणारे तात्या पहिल्याच चढाईला ओरडले, "आरं बाप रं! आता काय हुतंय कुणाला ठावं!" पकड झाली की मांडीवर थाप. "जितनार! आपन जितनार असं मला वाटतंय बगा!" हे वाक्य त्यांनी खोलीत चारी दिशांना तोंड करून म्हटलं. गुण गेला की चारदा "अरेरे." टाळ्या चुकीच्या वेळी, आश्चर्य उशिरा, आणि दर मिनिटाला चोरून एक नजर ऋतुजाकडे.

शेखभाई माझ्या कानाशी वाकले. "ताई, तात्यांना आज काय झालंय? तब्येत बरी आहे ना?"

पण गजाननला बरोबर समजलं. आपल्या जातीचा कच्चा नट त्यानं लगेच ओळखला. "तात्यायला माहितंय वाटतं," तो हळूच म्हणाला, आणि ते एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जात शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. कुणी हसलं नाही. कळलेलं असताना न कळल्यागत तोंड करून बसणं मला जमायचं नाही, असं म्हणणारा माणूस आमच्यासमोर घाम पुसत तेच करत होता, आणि कुणासाठी करत होता ते सगळ्यांना दिसत होतं. माझे डोळे भरून आले. लपवले नाहीत.

शेवटचं मिनिट आलं. पडद्यावर ऋतुजा चढाईला निघाली. आणि तात्या मोठ्यानं म्हणाले, "आता आपल्या ऋतूची चढाई! मला तर बाबा काय बी ठाव न्हाई पुढं काय हुनार ते!"

त्यांना कुणीही विचारलं नव्हतं.

ऋतुजानं त्यांच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. आधी हळू, मग आवरेना. "तात्या, राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला नाही हो जमत."

"आन् आमाला तरी कुठं जमायलंय," मागून गजानन म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"व्हय," तात्या मागे न बघताच म्हणाले. "तुमचं तर मी पैल्यापासनं बगतोय. समद्यांचं."

असा हशा पिकला की खालचा कुत्रा भुंकायला लागला. शाळेतले सर, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, तेही हसत होते. शेखभाईंनी कानाला हात लावले आणि विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाही, तात्या?"

"काय बोलायचं? निकाल कळलेला असून बी तुमी जिना चढून येत हुता," तात्या म्हणाले. "मंग आनखी काय पायजे मानसाला?"

मला माझ्या प्रश्नाचं चौथं उत्तर मिळालं, आणि हे मी पक्कं धरलं.

ऋतुजानं काकींच्या हातातून रिमोट घेतला. त्या घरात चालू मॅच कधी थांबलेली मी पाहिली नव्हती. तिनं ती चढाई थांबवली. तात्या डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते, नेहमीचे तात्या, आणि त्यांनी विचारलं, "तुला काय दिसलं तवा?"

ती उठून टीव्हीपाशी गेली. बोट ठेवून दाखवायला लागली. ही कोपऱ्यातली पोरगी दोनदा डावीकडे फसली होती, म्हणून तिसऱ्यांदा डावीकडचं नाटक करून उजवीकडे जायचं ठरवलं होतं. ती फसलीही, बघा, पाय मागे गेलाय तिचा. फक्त ती अपेक्षेपेक्षा जास्त मागे गेली, आणि मी तिच्या मागे. थोडं पुढे सोडून तिनं पुन्हा थांबवलं. "हा बघा पाय. इथं." सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, अंतर वीतभराचं होतं. मामा म्हणाले, पंच डोळ्यांत तेल घालून बसला होता. एकजण म्हणाला, हात आधी लागला असता तर? मग वाद सुरू झाला, ती वाद घालायला लागली, आणि खिचडी गार झाली.

पुढे ऋतुजाचं काय झालं, कुठवर पोचली, ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही. तात्यांना आवडायचं नाही ते. आमची कंपनी त्यानंतर लवकरच चाकणला गेली, सुट्टी रविवारची झाली, आम्ही तिकडेच खोली घेतली. चिखलीला जाणं होतं, पण गुरुवार मिळत नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोरचे तात्या त्याच संध्याकाळचे आहेत.

पाहुणे पांगले होते. मी काकींबरोबर भांडी आवरून खाली उतरले. उजेड अजून होता. वर्कशॉपसमोरच्या अंगणात कुणीतरी खडूनं रेघा मारल्या होत्या. एका कोपऱ्यात तात्या, बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, दोन्ही हात पसरून वाकून उभे. समोर मधल्या रेघेवर ऋतुजा. वरून काकी ओरडत होत्या, "आवं, गुडघं सांबाळा! उद्या जिना कोन चढवनार तुमाला?"

"तू गप गं," तात्या म्हणाले, आणि लेकीकडे बघत राहिले. "हं. डावीकडचं नाटक कर. ये."

ऋतुजानं वाकून रेघेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि दम घालत आत शिरली.